बौद्धिक अक्षमता आणि क्रीडासंधी



विकासाचे मोजमाप करताना उत्पन्न, शिक्षण व आरोग्य यांचा विचार होतो. खेळाचा सहसा होत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत मात्र खेळ ही केवळ करमणूक नसून आरोग्य, स्वावलंबन व समाजातील वावर यांकडे नेणारी वाट आहे. २०११ च्या जनगणनेत नोंदल्या गेलेल्या २.६८ कोटी दिव्यांगांपैकी सुमारे १५ लाख व्यक्ती या गटातील होत्या.

या क्षेत्रातील प्रमुख चळवळ म्हणजे स्पेशल ऑलिंपिक्स. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने जुलै १९६८ मध्ये शिकागो येथे तिच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या. पॅरालिंपिकशी तिची गल्लत होऊ नये. पॅरालिंपिकमध्ये कठोर पात्रता निकष पार केलेले निवडक खेळाडूच उतरतात आणि बौद्धिक अक्षमतेसाठी तेथे मोजकेच क्रीडाप्रकार आहेत. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये वय, लिंग व प्रत्यक्ष कामगिरी पाहून समान क्षमतेच्या खेळाडूंचे गट पाडले जातात. १०० मीटर अंतर १५ सेकंदांत कापणारा आणि ३० सेकंदांत कापणारा, दोघेही आपापल्या बरोबरीच्यांशी झुंजतात. ही सवलत नव्हे; न्याय्य स्पर्धेची ती पूर्वअट होय. ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ या उपक्रमात तर अक्षमता असलेले व नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात.

भारतात ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ ही संस्था २००१ मध्ये नोंदली गेली. बर्लिन येथील २०२३ च्या जागतिक स्पर्धांत भारतीय चमूने ७६ सुवर्णांसह २०२ पदके मिळवली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० नुसार दिव्यांगांचा क्रीडाक्षेत्रातील प्रभावी सहभाग निश्चित करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

तथापि, पदकांची संख्या म्हणजे संधीची व्याप्ती नव्हे. विशेष शाळेत असेपर्यंत मैदान व शिक्षक लाभतात. शाळा सुटली की अनेकांचे जग घराच्या चार भिंतींपुरते उरते. येथे खर्चाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. मैदान बऱ्याचदा उपलब्ध असते. उणीव असते ती प्रशिक्षित मार्गदर्शक, वाहतूक व सोबतीची. ही सोबत बहुधा आई करते. त्यापायी बुडणारी तिची मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणूनच ‘मोफत’ सुविधाही गरीब कुटुंबाला महाग पडते.

यास्तव तीन गोष्टी आवश्यक आहेत : शाळा व नगरपालिकांच्या मैदानांवर राखीव वेळ, शारीरिक शिक्षण शिक्षकांना विशेष प्रशिक्षण आणि अनुदानात सोबत्याच्या प्रवासखर्चाचा समावेश. कार्यक्रमाचे यश मोजायचे तर अठरा वर्षांनंतरही घराजवळ दर आठवड्याला किती जण खेळतात, हे पाहावे लागेल. हक्क कायद्याने मिळतो. तो उपभोगता येण्याजोगी व्यवस्था उभारणे हे नियोजनाचे काम आहे.