पाठ केलेलं स्वमत

कविता पाठ असावी, पाढे पाठ असावेत. माझी तक्रार पाठांतराबद्दल नाही. जात्यावर बसणाऱ्या बायांना कितीतरी ओव्या पाठ असत, आणि दळता दळता त्या स्वतःची ओळही त्यात घालत. खटकतं ते वेगळंच. दहावीच्या मराठीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. तीत ‘स्वमत’ लिहायचं असतं. हेतू चांगला. पण बाजारात गाईड घ्या, प्रत्येक धड्याखाली तयार स्वमत छापलेलं! मुलं तेही घोकतात. ‘ही कविता मला आवडली नाही’ असं लिहायला मूल धजत नाही, मार्क जातील. आणि पेपर तपासणाऱ्या बाईंपुढे गठ्ठा मोठा, मुदत थोडी. वेगळ्या उत्तरापाशी त्यांनी थांबायचं कधी?