वर्गात जागा मिळाली, शिक्षक कोठे आहे?



अपंग मुलाला शाळेत प्रवेश मिळणे आणि त्याला शिक्षण मिळणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. प्रवेशाचा हक्क २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, त्यातील २०१२ च्या दुरुस्तीने आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य झाला आहे. प्रश्न उरतो तो इतकाच की, ह्या मुलांना वर्गात शिकविणार कोण?

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्याचे स्पष्ट उत्तर दिले : प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढील वर्गांत पंधरा मुलांमागे एक. परंतु मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की, पदे मंजूर करून जाहीर करा आणि पात्र शिक्षक नेमा. २०२१ साली पहिलीत बसलेले मूल तोपर्यंत चौथी संपवीत होते.

ह्या काळात काम थांबले नव्हते. ते कंत्राटी फिरत्या शिक्षकांच्या खांद्यावर होते. हिशेब साधा आहे. एका शिक्षकाकडे दहा शाळा आणि आठवड्याचे कामाचे दिवस सहा. म्हणजे एका शाळेच्या वाट्याला दोन आठवड्यांतून जेमतेम एक दिवस. त्यातच दृष्टिहीन मुलाला ब्रेल हवे, कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषा हवी, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला आणखी निराळी पद्धत हवी. ह्या प्रत्येकाचे प्रशिक्षण वेगळे असते, एकच माणूस ते सारे पुरे करू शकत नाही.

महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. कायम पद निर्माण होणे ही मोलाची गोष्ट होय. तथापि केंद्र म्हणजे अनेक शाळांचा समूह, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. न्यायालयाने घालून दिलेले प्रमाण शिक्षकांचे आहे. मुलाला स्वच्छतागृहात नेणारा, चाकाची खुर्ची ढकलणारा, घास भरविणारा मदतनीस नसेल, तर ते काम आईवर येते. मजुरी बुडवून ती शाळेच्या व्हरांड्यात बसून राहते. शासनाचा वाचलेला खर्च ह्या आईच्या रोजंदारीतून वसूल होत असतो.

म्हणूनच मुलाचा हक्क आणि शिक्षकाची सेवाशाश्वती ह्या दोन मागण्या वेगळ्या काढता येत नाहीत. दर वर्षी करार संपेल ह्या धास्तीत वावरणारा शिक्षक मुलाला ओळखू लागतो न लागतो, तोच दुसरा येतो. आणि ज्या मुलाला विश्वास बसायलाच सहा महिने लागतात, त्याचा आरंभ पुन्हा पहिल्यापासून होतो.

कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपण ज्या राज्यात असाल तेथे ह्या समितीत तीन प्रश्न लेखी विचारा : अशी मुले किती, मंजूर पदे किती, भरलेली किती? ह्या तीन आकड्यांवरून पुढची मागणी काय करावयाची ते आपोआप ठरेल.