चाकाचा विमा

बंगळूरच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर हे उपनगर आहे. तेथील तळे शहरातील सर्वांत मोठे. २०१५ च्या सुमारास या तळ्याचा फेस वाऱ्याबरोबर रस्त्यावर उडू लागला, २०१७ व २०१८ साली तळ्याच्या परिसरात आग लागली, आणि त्यामुळे एरवी कोणाच्या ध्यानीमनी नसलेले हे नाव देशभर पोहोचले. सप्टेंबर २०२२ मध्ये अतिवृष्टीने येथील बाह्यवळण रस्ता पाण्याखाली गेला. संगणक कंपन्यांतील माणसे ट्रॅक्टरवर बसून कचेरीस निघाल्याची छायाचित्रे तेव्हा सर्वांनी पाहिली. पाणी ओसरल्यानंतर जे उरते, त्याची मात्र बातमी होत नाही. उरतात ते खड्डे. कोरडा खड्डा निदान दिसतो. पाण्याने भरलेला खड्डा रस्त्याशी समतल होऊन बसतो आणि त्याची खोली चाकालाच प्रथम कळते.

अशा ठिकाणी नोकरीनिमित्त स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब नवी मोटार घेते, तेव्हा दुकानातील विक्रेता शेवटच्या कागदांबरोबर आणखी एक कागद पुढे सरकवतो. टायरच्या संरक्षणासाठी वेगळा हप्ता भरावा, असे त्यात सुचविलेले असते. सोबत आलेले वडील साहजिकच विचारतात, "अरे, गाडीचा विमा उतरवलास ना? मग चाकं काय गाडीच्या बाहेरची आहेत?"

प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचे उत्तर काहीसे चमत्कारिक आहे. विम्याच्या दृष्टीने चाकाचा टायर खरोखरच गाडीच्या थोडा बाहेरचा आहे! भारतातील खाजगी मोटारीच्या सर्वसाधारण विमापत्रात केवळ टायरचे झालेले नुकसान भरून मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरचा विचार होतो, आणि तोही नव्या टायरच्या निम्म्या किमतीपुरता. शिवाय लहान इंजिनाच्या मोटारीस एक हजार व पंधराशे सी.सी.हून मोठ्या इंजिनाच्या मोटारीस दोन हजार रुपये मालकाला प्रत्येक दाव्यात स्वतः सोसावे लागतात. टायर बनविणारा कारखाना हमी देतो, परंतु ती मुख्यतः घडणीतील दोषाची. खड्डा हा कारखान्याचा दोष नव्हे. म्हणजे गाडीला ओरखडाही न उठता टायर निकामी झाला, तर सगळा भार मालकावर पडतो.

असे होते तरी कसे? बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून बसवीत असे. ती सैल झाली की खडखडाट साऱ्या गावाला ऐकू जाई. रबरी टायरचे दुखणे याच्या उलट, आतल्या आत चालणारे आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीत धाग्यांचे थर असतात. चाक वेगाने खड्ड्यात उतरले, की खड्ड्याची कड आणि चाकाची रिम यांच्यामध्ये ही भिंत चिमटली जाते आणि धागे तुटतात. वरचे रबर तसेच राहते. मग आतील हवा त्या दुबळ्या जागी रबर बाहेर ढकलते आणि लिंबाएवढा फुगा दिसू लागतो. पंक्चर काढता येते. हा फुगा कोणत्याही ठिगळाने बसत नाही. हवा कमी असलेल्या टायरवर ही आपत्ती अधिक लवकर येते.

भिंत जितकी उंच, तितका धक्का सोसण्यास वाव अधिक. टायरवर १६५/८० असे आकडे असतील, तर भिंतीची उंची १६५ मिलिमीटरच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर असते. २१५/४५ असे असतील तर ती जेमतेम ९७ भरते. दिसायला ऐटबाज गाड्यांचे टायर बहुधा या दुसऱ्या जातीचे, आणि त्यांच्या रिमही मिश्रधातूच्या, म्हणजे अलॉयच्या. पोलादी रिम वाकली तर बहुधा ठोकून सरळ करता येते; अलॉयला तडा जातो. ऐटीचे मोल हे असे द्यावे लागते.

आता हिशेब पाहू. समजा, एक टायर आठ हजारांना मिळतो आणि टायरसंरक्षणाचा वार्षिक हप्ता दोन हजार आहे. नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते, ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की कायद्याने तो टायर बाद. बहुतेक योजनांत भरपाई या शिल्लक नक्षीच्या प्रमाणात मिळते. अर्धा झिजलेला टायर फुटला तर हाती सुमारे चार हजार येतील, म्हणजे दोन वर्षांच्या हप्त्याइतके. दर दोन वर्षांत एक टायर दगावेल तेव्हा कोठे तोंडमिळवणी होणार. पंक्चर, नेहमीची झीज व रिमवरील ओरखडे यांतून सहसा वगळलेले असतात. रिमचा समावेश असतोच असे नाही. तो आहे की नाही, हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न सोडता कागदावर पाहावे. टायरच्या दाव्याने 'नो क्लेम बोनस' बुडतो काय, हेही विचारावे. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के व पाच वर्षांनी ५० टक्के अशी ती सवलत असते. चार हजारांच्या टायरपायी ती गेली, तर हा व्यवहार आतबट्ट्याचा होईल.

म्हणून उंच टायर आणि पोलादी रिमच्या साध्या गाडीला या योजनेची गरज दिसत नाही. तेच दोन हजार रुपये दरसाल बाजूला ठेवावेत. टायर न फुटल्यास ते घरातच राहतात. रोज बाह्यवळण रस्त्याने जाणाऱ्या, पातळ टायरच्या व अलॉय रिमच्या गाडीला मात्र पहिली दोन वर्षे हा हप्ता भरणे शहाणपणाचे ठरेल. त्यानंतर नक्षी झिजते व भरपाई घटते, तेव्हा तो सोडावा.

परंतु या हिशेबात न मावणारी एक गोष्ट उरते. फुगा आलेला टायर पाहूनही माणूस तो बदलत नाही. 'अजून चालतो आहे, पगार झाल्यावर पाहू,' असे म्हणतो. शहरातील कोंडीत तो टायर महिनाभर निभावतोही. मग दिवाळी येते, आणि मुलेबाळे व सामानसुमान घेऊन तीच गाडी हुबळी-बेळगावमार्गे सहाशे किलोमीटरांवरील कोल्हापूरकडे निघते. दुपारचे ऊन, भरलेली गाडी आणि ताशी शंभराचा वेग यांपुढे तुटलेल्या धाग्यांचे काय चालणार! ज्याच्यापाशी विमापत्र आहे, तो टायर बदलताना घुटमळत नाही. हा त्या हप्त्याचा खरा लाभ आहे. बाजूला ठेवलेले पैसेही हेच काम करतात, मात्र मधल्या काळात ते दुसरीकडे वळता कामा नयेत.

प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेल्या आकड्यांप्रमाणे हवा भरून घ्यावी. फुगा पुष्कळदा आतल्या बाजूस येतो आणि उभ्या गाडीत तो दिसत नाही. गाडी वर उचलून चारही चाके हाताने फिरवायला दुकानदाराला सांगावे, आणि तो फिरवीत असताना आपण स्वतः शेजारी उभे राहून पाहावे.