खासगीच्या वह्या उघडा



अध्यक्षाने आभाराचे चार शब्द बोलून साहित्यसेवेचे गुणगान करावे, असा रिवाज आहे. तो आज मी मोडतो. राजघराण्यांतल्या कर्तृत्ववान स्त्रियांची मराठीत जी चरित्रे लिहिली जातात, त्यांतल्या बहुतेकांना चरित्र म्हणायला मी तयार नाही. जिजाबाई म्हणजे माता, अहिल्याबाई म्हणजे पुण्यश्लोक, ताराबाई म्हणजे रणरागिणी आणि आनंदीबाई म्हणजे कारस्थानी. लेखणी उचलण्याआधीच विशेषण ठरलेले असते आणि पुढची तीनशे पाने त्या विशेषणाची टीका असतात. या बाईच्या हाती वसूल किती होता, शिक्का कोणाचा चालत होता, फौजेचा पगार कुठून भागत होता, माहेरचे कोण तिच्या बाजूला होते आणि कोण उलटले, यांतले काहीही पुस्तक मिटताना वाचकाला ठाऊक नसते. महादजी शिंद्यांचे चरित्र कोणी असे लिहून आणले, तर आपण ते त्याच पावली परत पाठवू. मग अहिल्याबाईंच्या बाबतीत आपण ते कसे चालवून घेतो?

अहिल्याबाईंचेच घेऊ. काशीचे विश्वनाथ मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, घाट, बारवा, धर्मशाळा ही यादी प्रत्येक पुस्तकात असते. या बांधकामांचा पैसा कुठून आला, हे क्वचितच कोणी विचारते. उत्तर कागदात आहे. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर लावून दिली, सुमारे तीन लाखांच्या वसुलाची. दौलत सरदाराची, तिच्यावर फौज बाळगण्याचे आणि चाकरीचे ओझे. खासगी मात्र घरच्या बाईची, हिशेब वेगळा, कारभारी वेगळे. ती गौतमाबाईंकडून अहिल्याबाईंकडे आली. सासूकडून सुनेकडे आलेली ही मिळकत लक्षात घेतली, म्हणजे होळकरांच्या मुलखाबाहेर, हिंदुस्थानभर बांधकामे कशी उभी राहिली याचा उलगडा होतो. पुण्य त्यात आहेच; पण त्या पुण्याला हक्काची मिळकत आणि चोख जमाखर्च यांचा पाया आहे. या खासगीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ साली त्याचा निकाल लागला. न्यायालयाला जे प्रकरण महत्त्वाचे वाटले, त्यावर आपल्या चरित्रकारांना एक प्रकरण लिहावेसे वाटत नाही, याची मला खंत वाटते.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव पडले आणि सती निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवले, हा प्रसंग आपण डोळे पुसत सांगतो. त्याच सासऱ्याने १७६५ साली त्याच सुनेला पत्र लिहून मोठा तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जायला आणि दारूगोळ्याची तजवीज करायला कळवले, ते पत्र मात्र तळटीपेत जाते. म्हणजे १७६७ साली मुलगा मालेराव गेल्यावर आणि रघुनाथराव चालून आल्यावर कारभार हाती घेणारी बाई नवखी नव्हती. तोफांचे गाडे आणि दाणावैरण तिने आधीच हाताळली होती. पुढे तुकोजी होळकर मोहिमेवर, पैशाची मागणी महेश्वरला आणि बाईंचा आग्रह हिशेबाचा, अशी ओढाताण वर्षानुवर्षे चालली. इतिहाससंशोधक पारसनिसांनी छापलेल्या ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या संग्रहात तो दरबार जवळून दिसतो. तिथे भेटणारी बाई करारी आहे, कधी रागावणारी आहे, पैशापैशाला जागी आहे. मला ती देव्हाऱ्यातल्या मूर्तीपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

ताराबाईंवर तर आपण याहून मोठा अन्याय केला आहे. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराज वारले, तेव्हा त्या पंचविशीत होत्या. पुढची सात वर्षे त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली. त्या काळातल्या मराठी कारभाराचे नेमके वर्णन शत्रुपक्षाचा इतिहासकार खाफीखान याने केले आहे: मराठे मोगली मुलखात आपले सुभेदार, कमाविसदार आणि राहदार नेमू लागले. शत्रूच्या मुलखात वसुलाची घडी बसवणे हे एका तलवारीचे काम नव्हे. आपण मात्र त्यांना घोड्यावर बसवतो आणि १७०७ साली पुस्तक संपवतो. त्यानंतर त्या चोपन्न वर्षे जगल्या. शाहूंशी वारशाचा झगडा, कोल्हापूरची गादी, १७१४ साली घरातच झालेला उठाव आणि नजरकैद, मग साताऱ्याचा मुक्काम, नातू म्हणून ज्यांना पुढे आणले त्याच रामराजांना १७५० साली कैदेत टाकणे, आणि पानिपताच्याच वर्षी, डिसेंबर १७६१ मध्ये मृत्यू. हे सगळे रणरागिणीच्या चौकटीत मावत नाही, म्हणून चरित्रकार ते कापून टाकतो. अर्ध्याहून अधिक आयुष्य वगळण्याची मुभा त्याला कोणी दिली?

घराण्यांच्या इतिहासाचीही तीच गत. कुलवृत्तान्त उघडा. पुरुषांच्या पिढ्या ओळीने मांडलेल्या, आणि मुलगी आली की ‘अमुक गावी दिली’ एवढ्यावर तिची रेघ तुटते. पण मराठ्यांचे राजकारण या तुटलेल्या रेघांवरच चालले. शिर्क्यांच्या येसूबाई भोसल्यांकडे आल्या आणि शिवाजी महाराजांची लेक राजकुंवर शिर्क्यांकडे गेली. तळबीडच्या मोहित्यांच्या सोयराबाई छत्रपतींच्या राणी. १६८० साली त्यांचे सख्खे भाऊ हंबीरराव भाचा राजाराम याला सोडून संभाजी महाराजांच्या बाजूला उभे राहिले. आणि त्याच हंबीररावांची लेक ताराबाई पुढे राजारामांची राणी झाली. या बायका वगळून मोहित्यांचा आणि शिर्क्यांचा इतिहास लिहिणारा माणूस घराण्याचे अर्धे राजकारण बाहेर ठेवतो.

मला सांगितले जाईल की बायकांचे कागद नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. इतिहासकार सरदेसायांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापून नव्वद वर्षे होऊन गेली. पारसनिसांनी १८९४ साली झाशीच्या राणीचे आणि १९०२ साली बायजाबाई शिंद्यांचे चरित्र लिहिले. बायजाबाई नुसत्या दौलतरावांच्या विधवा नव्हत्या. त्यांची सावकारी काशीपर्यंत पसरली होती, आणि ज्ञानवापीवरचा खांबांचा मंडप त्यांनी बांधवला. ज्या काळात टंकयंत्रसुद्धा हाताशी नव्हते त्या काळात एक संशोधक हे करू शकला. कागद कमी असतील तिथे तसे लिहावे. येसूबाई सुमारे तीस वर्षे मोगलांच्या कैदेत होत्या. त्या वर्षांत कल्पित संवाद भरण्यापेक्षा ‘श्री सखी राज्ञी जयति’ या त्यांच्या शिक्क्यावर दोन पाने विचारपूर्वक लिहिली तर मला चालतील. आणि पुराव्याचा आग्रह दोन्हीकडे सारखा हवा. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष न्यायाधीश रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांवर ठेवला. आपण तो त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले म्हणून एका अक्षरावर ढकलला. ‘ध’चा ‘मा’ केलेला तो कागद समोर ठेवा, मग बोलू.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. हिशेबाने श्रद्धा दुखावते असे मला वाटत नाही; ज्यांच्या गावात अहिल्याबाईंची बारव आहे, त्यांना ती कशी बांधली गेली हे कळले तर आनंदच होईल. तिसरा आक्षेप मात्र खरा आणि जड आहे: सरदारांच्या बायकांची चरित्रे कशाला, कष्टकरी बाईचे काय? मी त्याच्यापुढे मान तुकवतो, आणि म्हणूनच चरित्राच्या नावाने होणाऱ्या आरतीला विरोध करतो. सरदारी वाड्यांत विकत घेतलेल्या कुणबिणी राबत होत्या. जात्यावर, पागेत, कोठारात. आरतीत त्यांना जागा नाही. वाड्याच्या जमाखर्चात मात्र त्या आहेत: नाव, किंमत, दिलेले लुगडे. राणीचा हिशेब वाचणाऱ्याला तिची कुणबीण भेटल्यावाचून राहत नाही, आणि मग राणीच्या थोरवीबद्दल त्याला अवघड प्रश्न पडतात. ते त्याने चरित्रात लिहिलेच पाहिजेत.

महाराष्ट्रात, आणि बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावरकडेही, जुन्या घराण्यांचे वंशज आहेत. त्यांना हात जोडून विनंती करतो. माळ्यावरच्या पेटीत खासगीची वही असेल तर वाळवी लागण्याआधी ती मोडी वाचणाऱ्या माणसाच्या हाती द्या. छायाचित्रे काढू द्या. कुणबिणींची पाने आधी फाडून घेऊ नका.