आठ महिन्यांचं आकाश

१२ ऑगस्ट २०२६ ही तारीख जगभरच्या आकाशप्रेमींनी कधीपासून राखून ठेवली आहे. त्या दिवशी आइसलंड आणि स्पेनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसेल. सूर्यग्रहण म्हटलं की अमावस्या आलीच. त्यामुळे त्याच रात्री ययाती तारकासमूहाच्या दिशेने येणारा प्रसिद्ध उल्कावर्षावही चंद्राच्या उजेडाविना पाहता येईल. महाराष्ट्रात ती आषाढातली दिव्यांची अमावस्या. घरोघरी दिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातील, दुसऱ्या दिवशी श्रावण लागेल आणि सह्याद्रीच्या माथ्यावर उल्का बघायला गेलेल्या माणसाला उल्का तर सोडाच, शेजारी उभा असलेला सोबतीही धुक्यात धड दिसणार नाही.

यात दोष कुणाचाच नाही. आकाशाची प्रचलित वेळापत्रकं बहुतेक युरोप-अमेरिकेत तयार होतात आणि तिथे उन्हाळी सुट्टीतल्या ऑगस्टच्या रात्री आकाश पाहायला उत्तम असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने वजा करूनच हिशेब मांडावा लागतो. उरतात आठ महिने, साधारण दसऱ्यापासून मृगाच्या पावसापर्यंतचे. या आठ महिन्यांत महाराष्ट्राच्या खेड्यातून जे दिसतं, त्यातलं बरंचसं लंडन-पॅरिसच्या माणसाला घरून कधीच दिसत नाही. मात्र ते दिसण्यासाठी अंधार शाबूत हवा. आजचं व्याख्यान या दोन गोष्टींभोवती आहे: आपल्या आकाशाचा मोसम आणि आपल्या गावांचा अंधार.

मोसमाचं महत्त्व काय, ते दोन ग्रहणांनी फार पूर्वी दाखवून दिलं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानातून दिसणार होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला तळ ठोकून बसले आणि त्यांना स्वच्छ आकाश लाभलं. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीही जय्यत तयारी केली होती, पण ऑगस्टच्या ढगांनी त्यांना सूर्य तुकड्यातुकड्यानेच पाहू दिला. दुसरं ग्रहण २२ जानेवारी १८९८ चं. त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून देशावर येत होता. या वेळी महिना जानेवारीचा होता आणि आकाश निरभ्र होतं. इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला उतरले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा चालवणारे कावसजी दादाभाई नेगमवाला आपली यंत्रं घेऊन जेऊरला गेले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचा तळही जेऊरलाच होता. मुंबई-सोलापूर लोहमार्गावरचं हे साधं गाव काही दिवस जगाच्या खगोलशास्त्राचं केंद्र झालं.

लॉकियर यांनी हेलियमचा शोध १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावर लावला, असं कोकणात पुष्कळदा सांगितलं जातं. प्रत्यक्षात १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट त्यांनी त्या ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहणाविना, पाहिला. विजयदुर्गला ते आले त्यानंतर तीस वर्षांनी. किल्ल्याचं महत्त्व याने तिळभरही कमी होत नाही. जानेवारीतल्या कोकणच्या आकाशावर विसंबून लॉकियर इतक्या दूर आले, हीच मोठी गोष्ट आहे.

आता मोसमाकडे वळू. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पाऊस माघार घेतो आणि धुऊन निघालेली हवा स्वच्छ मिळते. कोजागिरी दुधासाठी ठेवावी, ताऱ्यांसाठी नाही, कारण पौर्णिमेचा चंद्र मंद तारे पुसून टाकतो. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र संध्याकाळ अंधारी असते. तेव्हा पश्चिमेकडे कलणाऱ्या हंस तारकासमूहातून आकाशगंगेचा पट्टा गेलेला दिसतो आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास देवयानी दीर्घिका डोक्याजवळ येते. हा एवढासा धुरकट डाग म्हणजे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचं दुसरं तारामंडळ. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणाऱ्या वस्तूंत याहून दूरची वस्तू नाही. गंमत अशी की लक्ष्मीपूजनाची अमावस्या तिथीने अंधारी असली, तरी रोषणाई आणि फटाक्यांच्या धुरामुळे निरीक्षणासाठी तिच्याइतकी वाईट रात्र क्वचितच सापडेल.

डिसेंबरच्या १४ तारखेच्या आसपास मिथुन राशीतला उल्कावर्षाव येतो. महाराष्ट्रासाठी वर्षातला खरा उल्कावर्षाव हाच. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे सोडलेल्या धुळीचे असतात, याची धूळ मात्र फेथॉन नावाच्या खडकाळ लघुग्रहाची आहे. फेथॉन १९८३ मध्ये आयरास या अवरक्त उपग्रहामुळे सापडला आणि दर सुमारे दीड वर्षाने तो सूर्याच्या फार जवळून जातो. या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. उल्कांच्या मानाने हा वेग बेताचा, त्यामुळे त्या जाताना डोळ्यांनी नीट टिपता येतात. अगदी काळ्या आकाशात, उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात तो उगमबिंदू डोक्यावर असताना, परमोच्च काळात तासाला शंभराहून अधिक उल्का अशी या वर्षावाची ख्याती आहे. आपल्याकडून हा उगमबिंदू संध्याकाळी उगवतो आणि रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येतो. २०२६ मध्ये त्या रात्री अमावस्येनंतर पाच दिवसांचा चंद्र अकराच्या आत मावळेल आणि पुढची रात्र सगळी निरीक्षकांची. २०२७ मध्ये मात्र त्याच सुमारास पौर्णिमा आहे. म्हणून उल्का पाहायला निघण्यापूर्वी तारखेबरोबर तिथीही पाहावी. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात ती रोजच्या चौकोनातच छापलेली असते.

जानेवारी-फेब्रुवारीत मृग आणि व्याध ओळखीचे असतात, पण नजर आणखी दक्षिणेकडे न्यावी. व्याधाच्या खाली, पुण्याहून पाहिलं तर क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर, अगस्त्य चमकतो. रात्रीच्या आकाशातला हा दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. उत्तर अक्षांश ३७ च्या पलीकडे तो उगवतच नाही, त्यामुळे बहुतेक युरोपला तो फक्त पुस्तकात भेटतो. पावसाळ्याच्या अखेरीस पहाटे अगस्त्य दिसू लागला की नद्यांचं गढूळ पाणी निवळतं, असं आपली परंपरा सांगते. तारा आणि मोसम यांची सांगड इतकी जुनी आहे.

मार्च हा शर्यतीचा महिना. अठराव्या शतकात शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने धूमकेतूंसारख्या भासणाऱ्या धूसर वस्तूंची यादी केली, तीत आज ११० नोंदी आहेत. मार्चमधल्या किंवा एप्रिलच्या सुरुवातीच्या अमावस्येला या सर्व वस्तू एका रात्रीत पाहण्याचा प्रयत्न जगभर होतो. आपल्याकडे ती बहुधा फाल्गुनातली अमावस्या, म्हणजे गुढीपाडव्याची आदली रात्र. संध्याकाळी पश्चिमेला बुडणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करायची आणि उजाडेपर्यंत पूर्वेकडच्या शेवटच्या नोंदींशी झटायचं. याच दिवसांत संधिप्रकाश संपल्यावर पश्चिमेला एक फिकट तिरका प्रकाशस्तंभ दिसतो. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाश असतो. शहरातून तो दिसत नाहीच, पण तालुक्याचं गावही त्या दिशेला असलं तरी तो हरवतो.

हा प्रकाशस्तंभ अंधाराची खरी परीक्षा घेतो. २००१ मध्ये जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने आकाशाच्या काळेपणाचे नऊ वर्ग ठरवले. पहिल्या वर्गात आकाशगंगा स्पष्ट उमटते. नवव्यात, म्हणजे महानगरात, चंद्र, ग्रह आणि मोजके ठळक तारे उरतात. डोळ्यांनाही वेळ द्यावा लागतो. काळोखात पाहणाऱ्या दंडपेशी पूर्ण सज्ज व्हायला वीस ते तीस मिनिटं घेतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे टाकलेला एक कटाक्ष ती सगळी तयारी वाया घालवतो. दंडपेशींवर लाल रंगाचा परिणाम कमी होतो, म्हणून निरीक्षक टॉर्चवर लाल जिलेटीन कागद बांधतात.

अंधार किती झपाट्याने कमी होतो आहे, हे २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. २०११ ते २०२२ या काळात सामान्य नागरिकांनी आपल्याला किती मंद तारे दिसतात ते कळवलं. अशा ५१ हजारांहून अधिक नोंदींवरून, मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेत, आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचं निघालं. या वेगाने, जिथे मूल जन्मताना २५० तारे दिसत होते तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत १०० उरतात. पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशात निळा अंश जास्त असतो आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. मुंबईची मंडळी पिढ्यानपिढ्या ताऱ्यांसाठी कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला जात आली. आता तिकडूनही बदलापूर-अंबरनाथच्या बाजूचं आकाश पिवळट दिसतं. खेडीही यातून सुटलेली नाहीत. निधी आला की चौकात हायमास्ट उभा राहतो आणि त्याचा उजेड रस्त्याबरोबर शेतं, झाडं आणि ढगांवरही पडतो.

अशा वेळी पेंचचं उदाहरण मोलाचं ठरतं. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेकडून 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळाला. भारतात असा हा पहिलाच आणि आशियात पाचवा. त्यासाठी गावांतले दिवे काढून टाकले नाहीत. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलले, जेणेकरून उजेड जंगलाकडे आणि आकाशाकडे न जाता जमिनीवर पडेल. रस्त्यावर चालणाऱ्याचं काही बिघडलं नाही, रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांना काळोख मिळाला आणि तारे परत आले. लडाखमधल्या हान्ले इथे २०२२ पासून वेधशाळेभोवती १,०७३ चौरस किलोमीटरचं राखीव अंधारक्षेत्र आहे आणि तिथल्या गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन पाहुण्यांना आकाश दाखवण्याचं शिक्षण दिलं गेलं. साडेचार हजार मीटर उंचीचं हान्ले महाराष्ट्राला जमणारं नाही, पेंचचे दिवे मात्र कुठल्याही ग्रामपंचायतीला जमतील.

विदर्भाला आणखी एक ठेवा लाभला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी गणेश हलकारे यांच्यासोबत गोंड समाजाच्या आकाशज्ञानाचा अभ्यास केला. गोंडांच्या आकाशात सप्तर्षींचा चौकोन ही खाट आहे आणि शेपटीचे तीन तारे ती पळवायला आलेले चोर. मृगाच्या पट्ट्यातले तारे नांगराचे. म्हाताऱ्या बाईची बाज आणि तीन चोर ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतर भागांतही आजीच्या तोंडून ऐकायला मिळते. ज्या अंगणात ही गोष्ट सांगितली जायची तिथे आता दारावर एलईडीची पट्टी लागलेली असते आणि नातवंडांना चोर दाखवायला आजीला गच्ची गाठावी लागते.

दिवे बदलणं अवघड नाही. दिव्यावर झाकण हवं, म्हणजे बल्ब बाजूने दिसू नये. रंग उबदार हवा, ३००० केल्विन किंवा त्याखालचा. मंदिराची आणि कमानीची रोषणाई रात्री दहा-अकराला बंद व्हावी. नवे दिवे मागवतानाच हे सांगितलं तर वेगळा खर्च जवळजवळ नाही, उलट वीज वाचते. पाहुण्यांनीही काही पथ्यं पाळावीत. गाडी निरीक्षणाच्या जागेपासून दूर लावावी, हेडलाइट लावून आत येऊ नये, शेतमालकाला आधी विचारावं, आणि परक्या गावात रात्री टॉर्च घेऊन माळावर फिरण्यापूर्वी पोलीस पाटलांच्या कानावर घालावं.

या मोसमात अजून एक चांगली रात्र शिल्लक आहे. १६ मे २०२६, शनिवार, वैशाख अमावस्या. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि गुरू दिसतील. ९ जूनला ते एकमेकांच्या अगदी जवळ येणार आहेत. रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू सर्वांत उंच असेल. पुण्याहून ही उंची ११-१२ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडी जास्त. सावंतवाडीहून किंवा गोव्याहून तो आणखी वर दिसेल, मात्र दक्षिण क्षितिज मोकळं हवं. पुढच्या तासाभरात त्याच बाजूला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गुच्छ साध्या बायनॉक्युलरमध्येही धुरकट गोळ्यासारखा सापडेल. मध्यरात्रीनंतर वृश्चिक आणि धनू वर येतील आणि आपल्या आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग पहाटे साडेचारपर्यंत समोर राहील. वळवाच्या ढगांचा भरवसा नाही, म्हणून आदली रात्रही मोकळी ठेवावी. पुढची अमावस्या १५ जूनला येईल, तोवर मृगाचा पाऊस बहुधा सुरू झालेला असेल.