बाळाला काय कळतंय?



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक मारुतीच्या देवळात होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या आणि कर्ज आधी कुणाला द्यायचं यावरून दोघींची चांगलीच जुंपली. आवाज चढले. कोपऱ्यात एकीच्या मांडीवर तिचा वर्षाला टेकलेला मुलगा बसला होता. त्याला कुणी बोट लावलं नव्हतं. पण त्यानं भांडणाऱ्या बायांकडं बघितलं, मग मान वळवून आईच्या तोंडाकडं बघितलं आणि ओठ काढून रडायला लागला. एक आजी म्हणाल्या, "भूक लागली असंल. त्याला काय कळतंय तुमच्या भांडणातलं?"

'बाळाला काय कळतंय' असं आपण सगळ्याच म्हणतो. आम्हीही म्हणत आलो. पण त्यापायी आमच्या हातून एक चूक झाली, ती पुढं सांगतो. त्या चुकीनंतर आम्ही या विषयावर जरा वाचलं, आशाताईंना विचारलं. तेव्हा कळलं ते असं, की बाळाला शब्द कळायला वेळ लागतो, पण माणूस कळायला ते जन्मल्यापासून सुरुवात करतं.

पोटात असतानाच बाळ आईचा आवाज ऐकत असतं. १९८० साली अमेरिकेत तीन दिवसांच्या आतल्या बाळांना एक चोखणी दिली. एका तऱ्हेनं चोखलं की आपल्या आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या तऱ्हेनं चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आपल्या आईचा आवाज लागेल असंच चोखलं. दीड-दोन महिन्यांचं झालं की बाळ आपल्या तोंडाकडं बघून हसतं. आपण हसलो की ते हुंकार देतं, आपण थांबलो की वाट बघतं. न्हाऊ घालणारी आजी पायावर बाळ घेऊन गप्पा मारते ना, तो नुसता लाड नाही. ती बाळाची पहिली शाळा आहे.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकानं १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. आईनं आधी बाळाशी हसायचं, बोलायचं. मग थोडा वेळ बाळासमोरच बसायचं, पण चेहरा अगदी कोरा ठेवायचा. ना हसायचं, ना बोलायचं. काही महिन्यांची बाळं, पण त्यांना लगेच फरक कळला. आधी ती आईकडं बघून हसली, हातपाय हलवून तिला बोलवायला लागली. तरी आई हलेना, तेव्हा काहींनी तोंड फिरवलं, काही रडली.

आता आमची चूक ऐका. आमच्या गटातली एक सून बाळंतपणानंतर गप्प गप्प झाली. मुलीला पाजायची, कपडे बदलायची, पण तिच्याकडं बघायची नाही. रात्र रात्र जागी असायची. कुणी म्हणालं, मुलगी झाली म्हणून रुसली. कुणी म्हणालं, काम टाळायला सोंग करते. ती तीन बैठकांना आली नाही. आम्ही काय केलं? वहीत गैरहजेरी लिहिली आणि नियमाप्रमाणं दंड लावला. घरी जाऊन एकदाही बघितलं नाही.

चार महिन्यांची मुलगी कुणाकडं बघून हसत नाही, भिंतीकडं बघत राहते, हे आशाताईंच्या ध्यानात आलं. त्यांनी आधी आईला विचारलं, "तुला कसं वाटतंय, बाई?" इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. ती खूप रडली. मग डॉक्टरांना दाखवलं. बाळंतपणानंतरची उदासी हा आजार आहे, तो बरा होतो, हे घरच्यांना तिथं कळलं. सासूबाईंनी रात्रीचं बाळ आपल्याकडं घेतलं. बाप संध्याकाळी मुलीला घेऊन ओट्यावर बसायला लागला, तिच्याशी बोलायला लागला. दोन-अडीच महिन्यांत आई हसायला लागली, मुलगीही खिदळायला लागली.

मैत्रिणींनो, यात त्या सुनेचा काही दोष नव्हता. आणि बाळाला आईचाच चेहरा हवा असं नाही. आजी, आजोबा, बाप, मावशी, ज्याला वेळ आहे त्यानं समोर बसावं. कामाच्या रगाड्यात प्रत्येक आईचं कधीतरी लक्ष नसतं, चिडचिडही होते. त्यानं बाळाचं नुकसान होत नाही. नंतर जवळ घेतलं, बोललं की बाळ पुन्हा आपल्याकडं वळतं. जपायचं ते एवढंच, की कोरा चेहरा रोजचाच होऊ नये. तो आजारानं होतो, तसा हातातल्या मोबाईलनंही होतो.

नवव्या महिन्यापासून वर्षापर्यंत बाळ आणखी एक गोष्ट शिकतं. आपण बोट दाखवू तिकडं ते बघतं, मग स्वतः बोट दाखवतं. कडेवर घेऊन चांदोबा दाखवत घास भरवतो, तेव्हा नेमकं हेच चालतं. 'मी बघतोय ते तूही बघ', हे त्याचं न बोललेलं बोलणं.

वर्षाचं बाळ अनोळखी गोष्ट दिसली की आधी आपलं तोंड बघतं. १९८५ साली छापून आलेल्या एका प्रयोगात बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. काचेखाली खोलगट जागा दिसत होती आणि आई पलीकडं उभी होती. आई हसली तेव्हा बरीच बाळं काच ओलांडून आली. आईनं भ्यायलेलं तोंड केलं तेव्हा एकही आलं नाही. आता सांगा, देवळातलं ते बाळ भुकेनं रडलं, की आईच्या तोंडावरची धास्ती बघून?

दीड वर्षाच्या पोराला तर दुसऱ्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असते हेही कळायला लागतं. १९९७ च्या एका अभ्यासात बाईंनी बिस्किटाला नाक मुरडलं आणि कच्च्या भाजीला 'छान' म्हटलं. मग पोरांपुढं हात केला. चौदा महिन्यांची पोरं आपल्याला आवडणारं बिस्किटच द्यायची. अठरा महिन्यांच्या पोरांनी मात्र भाजी दिली. याच वयात पोर केरसुणी ओढत आणून आपल्या हातात देतं. त्याला 'लुडबूड करू नको' म्हणू नका, ते मदत करतंय.

वर्ष उलटून गेलं तरी बाळ बोट दाखवत नाही, हाकेला वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, असं दिसलं तर 'बोलंल सावकाश' म्हणून थांबू नका. आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी येतात, त्यांना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना दाखवा. आणि आईचं मन ठीक नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे.

आमच्या गटानं आता नियम बदलला आहे. बाळंतीण बैठकीला आली नाही तर दंड नाही. दोघींनी तिच्या घरी जायचं. एकीनं बाळाशी बोलायचं, दुसरीनं आईशी. तिचा दंडही आम्ही परत केला. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा नियम मांडून बघा.