टूल बसवलं, मग सापडत का नाही?

आजचा भाग बेंगळुरूच्या चिकपेटमधून, एका साडीच्या दुकानाच्या माडीवरून करतोय. खाली गल्ली एवढी अरुंद की हातगाडी आली की माणसं भिंतीला चिकटतात.

मागच्या महिन्यात बेळगावहून आलेली माझी भाची इथंच रडवेली होऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी नोकरीची परीक्षा. विंडोजच्या लॅपटॉपवर मेवन बसवलेलं, तरी ‘एमव्हीएन’ लिहिलं की उत्तर यायचं, असा कमांड ओळखता येत नाही. तिनं तीनदा काढून तीनदा बसवलं. “मामा, मला हे जमणारच नाही,” म्हणाली.

बसवण्यात चूक नव्हतीच. चूक पत्त्यात होती.

समजा, शेठनं पोऱ्याला चिठ्ठी दिली: आधी बळेपेट बघ, मग अक्किपेट, मग मामुलपेट. या नावाचं पहिलं दुकान दिसेल तिथूनच माल घे. दुकान नगरथपेटेत असेल, तर पोऱ्या हात हलवत परत येणार. दुकान आहे, मालही आहे; चिठ्ठीत ती पेठ नाही. कॉम्प्युटरमधली ही चिठ्ठी म्हणजे ‘पाथ’.

मेवनची झिप फाइल उघडली म्हणजे नुसतं दुकान थाटलं. त्यातल्या ‘बिन’ फोल्डरचा पूर्ण पत्ता पाथमध्ये आपणच जोडायचा. दोन पत्त्यांमध्ये विंडोजवर सेमीकोलन, लिनक्स आणि मॅकवर कोलन. भाचीनं पत्ता लिहिला होता, पण ‘बिन’च्या एक पायरी अलीकडे थांबली होती.

आणखी तीन ठिकाणी माणसं अडकतात.

पहिलं, जुनी विंडो. टर्मिनल उघडतानाच चिठ्ठीची प्रत घेतं. नंतर केलेला बदल त्याला कळत नाही. म्हणून ते बंद करून नवं उघडा. एडिटरच्या आतलं टर्मिनल असेल, तर एडिटरच बंद करून उघडा.

दुसरं, क्रम. जुनी आवृत्ती यादीत आधी असेल, तर तीच चालणार. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर एमव्हीएन’, लिनक्स-मॅकवर ‘व्हिच हायफन ए एमव्हीएन’ लिहा. सापडलेले सगळे पत्ते क्रमानं दिसतील.

तिसरं, जावा. मेवन जावाशिवाय चालत नाही. ‘जावा होम’मध्ये जेडीकेचा मुख्य फोल्डर द्यायचा, तिथं ‘बिन’ जोडायचं नाही. ‘एमव्हीएन हायफन व्ही’ लिहिलं की कोणतं मेवन आणि कोणतं जावा चालतंय, दोन्ही कळतं.

एक सावधगिरी. मी एकदा लिनक्सवर जुना पाथ पुसून एकच नवा पत्ता लिहिला. क्षणात साधं ‘एलएस’सुद्धा सापडेना! बदल त्या विंडोपुरता होता, म्हणून नवी उघडली आणि वाचलो. कायमच्या सेटिंगमध्ये असं करू नका. आधी जुना पाथ कॉपी करून ठेवा, मग त्यात जोडा. विंडोजवर ‘सेटएक्स’ तर १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकतं. त्यापेक्षा सेटिंगमधून एकेक पत्ता जोडलेला बरा.

भाचीनं ‘बिन’ जोडलं, नवी विंडो उघडली आणि मेवननं आपली आवृत्ती सांगितली. सगळं मिळून पाच मिनिटं. तिची अख्खी संध्याकाळ मात्र स्वतःला दोष देण्यात गेली होती. तुमची जाऊ देऊ नका. पुन्हा बसवण्याआधी एकदा पाथ वाचा.

भेटूया पुढच्या भागात.